हडपसरची लस आणि लीड्सचं घर

२०२१च्या ऑगस्टअखेर मी, नवरा आणि सात वर्षांची लेक पुण्याहून इंग्लंडमध्ये लीड्सला राहायला आलो. नोकरी माझी, त्यामुळे व्हिसाही मुळात माझा. ऑफर आली तेव्हा पुण्यात दुसरी लाट ऐन भरात होती. नातेवाइकांसाठी बेड शोधण्यात आमच्याही रात्री गेल्या होत्या. अशा वेळी घर आवरून परदेशी जायचं ठरवलं आणि निभावलं. त्यातून जे उमगलं ते लिहून ठेवते आहे. साथ नसतानाही युद्धामुळे किंवा ज्वालामुखीच्या राखेमुळे आकाश बंद होतं, तेव्हाही यातलं बरंचसं उपयोगी पडेल.

१. नियम मूळ जागी वाचा, आणि रोज वाचा.

ब्रिटनने २३ एप्रिल २०२१ला भारताला लाल यादीत टाकलं. म्हणजे तिथे राहण्याचा हक्क असेल तरच प्रवेश, आणि उतरल्यावर सरकारने ठरवलेल्या हॉटेलात १० दिवस, एका प्रौढासाठी १,७५० पौंड भरून. ८ ऑगस्टला भारत पिवळ्या यादीत आला आणि हॉटेलची सक्ती सुटली, पण दहा दिवसांचं घरातलं विलगीकरण राहिलं. त्या मधल्या महिन्यांत व्हॉट्सॲपवर रोज नवी तारीख फिरायची. आम्ही एकच शिस्त पाळली: ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावरचं पान रोज सकाळी उघडायचं आणि काय बदललं ते वहीत तारखेसह लिहायचं. निघण्याआधीच्या तीन दिवसांतली चाचणी, पोहोचण्याआधीच्या ४८ तासांत भरायचा प्रवाशांच्या ठावठिकाण्याचा लोकेटर फॉर्म, आणि त्या फॉर्मसाठी तिथल्या दुसऱ्या व आठव्या दिवसाच्या चाचण्यांचा बुकिंग क्रमांक. ही साखळी उलट्या क्रमाने जुळवावी लागायची. आधी चाचण्या विकत घ्यायच्या, मग फॉर्म. विमानतळावर काउंटरपाशी उभं राहून हे करणारी माणसं पाहिली आणि त्यांच्यासाठी जीव तुटला.

लशीची गोष्ट इथेच सांगते, कारण ती मला अजून खुपते. कोव्हिशील्ड आमच्या पुण्यातल्या हडपसरची. ती बनवणारी सिरम इन्स्टिट्यूट आमच्या तिथल्या घरापासून लांब नाही. मार्चमध्ये ब्रिटनने याच कंपनीकडून ५० लाख मात्रा घेतल्या आणि आपल्या लोकांना टोचल्या. तरी त्याच लशीचे दोन डोस घेऊन ऑगस्टमध्ये उतरलेले आम्ही त्यांच्या लेखी लस न घेतलेले होतो. सप्टेंबरच्या शेवटी त्यांनी लस मान्य केली, पण भारताचं प्रमाणपत्र मान्य केलं नाही. ४ ऑक्टोबरला भारताने ब्रिटनहून येणाऱ्यांना तसेच नियम लावले आणि ११ ऑक्टोबरपासून ब्रिटनने प्रमाणपत्रही स्वीकारलं. नियम नेहमी विज्ञानावरच चालतील असं धरून चालू नका. राग येईल, तो येऊ द्या, पण प्रवासाची आखणी छापलेल्या नियमावरच करा.

२. पैसा आणि दिवस, दोन्ही हिशेबापेक्षा जास्त हाताशी ठेवा.

भारताची नेहमीची आंतरराष्ट्रीय उड्डाणं मार्च २०२०पासून बंद होती आणि एअर बबलची, म्हणजे दोन देशांनी आपसात ठरवलेली मोजकी विमानं चालू होती. त्या ऑगस्टमध्ये एका वरिष्ठ सनदी अधिकाऱ्याने दिल्ली-लंडनचं तिकीट ३ लाख ९५ हजारांना दिसल्याचं जाहीरपणे लिहिलं. विमान वाहतूक मंत्रालयाने भाडं १.०३ ते १.४७ लाख असल्याचं सांगितलं. खालचा आकडा धरला तरी तीन माणसांचा हिशेब करून बघा. शिवाय व्हिसासोबत आरोग्य अधिभार आगाऊ भरावा लागतो. तेव्हा तो मोठ्यांना वर्षाला ६२४ पौंड आणि मुलांना ४७० पौंड होता, आणि तोही व्हिसाच्या सगळ्या वर्षांचा एकदम. पाच वर्षांच्या आणि त्यापुढच्या मुलांनाही दुसऱ्या व आठव्या दिवसाच्या दोन्ही चाचण्या विकत घ्याव्या लागत होत्या. कंपनी काय काय देणार हे ईमेलवर लेखी मागून घ्या. तोंडी आश्वासन देणारा माणूस तुम्ही पोहोचेपर्यंत दुसऱ्या विभागात गेलेला असतो. विलगीकरण असेल तर रुजू होण्याची तारीखही ते संपल्यानंतरची घ्या, आणि वर एक आठवडा जास्तीचा.

३. लहान मुलाला मास्कची सवय घरीच लावा.

मुंबई-लंडन दहा तासांच्या आसपास. लेकीने महिनाभर आधीपासून रोज संध्याकाळी मास्क लावून चित्रपट पाहिले. विमानात तिने एकदाही कुरकुर केली नाही. याहून जास्त सांगण्यासारखं त्या दहा तासांत काही नव्हतं.

४. बॅगेत तूप नको, औषधं हवीत.

दूध आणि दुधाचे पदार्थ भारतातून ब्रिटनमध्ये नेता येत नाहीत. त्यात साजूक तूप आलं आणि चितळ्यांचे पेढेही आले. गोडा मसाला, मेतकूट, थालीपिठाची भाजणी, मोदकांसाठी तांदळाची पिठी चालते. नेहमीच्या गोळ्या तीन महिन्यांच्या न्या, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह, आणि चिठ्ठीत कंपनीचं नाही तर मूळ औषधाचं नाव लिहून घ्या. पहिल्या दोन दिवसांचं जेवण हातातल्या बॅगेत असू द्या: ठेपले, चटणी, बिनतुपाचे लाडू. आम्हाला उतरल्यावर दुकानात जायची परवानगी नव्हती, आणि किराणा घरपोच मिळायला दोन-तीन दिवस लागू शकतात.

५. विलगीकरणाचे दिवस आखा, नाहीतर ते माणसाला खातात.

चाचणीचा नमुना टपालात टाकण्यापलीकडे दहा दिवस घराबाहेर पाऊल टाकायचं नव्हतं. आम्ही थोड्या काळासाठी घेतलेला फ्लॅट चौथ्या मजल्यावर, खाली कालवा आणि पलीकडे लाल विटांच्या जुन्या गिरण्या. रोज फोन यायचा: घरी आहात ना, लक्षणं आहेत का. चाचणीचं किट पोस्टाने यायचं, म्हणून फॉर्मवर पत्ता लिहिताना फ्लॅटचा क्रमांक तीनदा तपासला होता. नमुना ठरावीक टपालपेटीतच टाकायचा होता, तीही आधी नकाशावर पाहून ठेवली.

लेकीच्या नाकात काडी घालताना माझा हात थरथरायचा. नवऱ्याने तिला आधी त्याची चाचणी करू दिली, मग ती तयार झाली. आम्ही दिवसाचे भाग पाडले. सकाळी सूर्यनमस्कार, मग तिचा अभ्यास, दुपारी पुण्याला व्हिडिओ कॉल, संध्याकाळी तिघांनी मिळून खिडकीतून दिसणाऱ्या गोष्टींची यादी. ऐकायला साधं वाटेल, पण कोंडलेल्या घरात वेळापत्रक हा खरा आधार असतो.

आणि मदत मागा. ओळखीच्या ओळखीतून कोल्हापूरच्या एका काकूंचा नंबर मिळाला होता. मी फोन करायला बिचकत होते, नवऱ्याने लावला. त्याच संध्याकाळी दारात पिशवी होती: तांदूळ, तूरडाळ, कांदे, दूध आणि डब्यात गरम पिठलं. काकू खाली फुटपाथवर उभ्या राहून हात हलवत होत्या. विलगीकरण संपलं आणि लगेच १० सप्टेंबरला गणपती आले. पहिली आरती आम्ही त्यांच्याच घरी केली. परक्या गावात आपल्या भाषेतलं एक घर माहीत असणं ही चैन नाही, ती गरज आहे.

६. कागदांचा क्रम कळला की निम्मं ओझं उतरतं.

तेव्हा राहण्याच्या परवान्याचं कार्ड पोस्ट ऑफिसातून १० दिवसांत घ्यायचं असे, आणि १० दिवस बाहेर पडायचं नाही! आम्ही आधीच विचारलं, तेव्हा विलगीकरण संपल्यावर घेतलं तरी चालेल असं उत्तर मिळालं. ते उत्तर छापून ठेवलं. बँकेला पत्त्याचा पुरावा हवा असतो आणि घरमालकाला बँकेचा हिशेब. ही गाठ कंपनीच्या पत्राने सुटते. कंपनीकडून पगार, पद आणि तात्पुरता पत्ता असलेलं पत्र सही-शिक्क्यासह मागून घ्या.

घर घेताना २०१९चा भाडेकरू शुल्क कायदा माहीत असू द्या. इंग्लंडमध्ये सर्वसाधारण घराची अनामत पाच आठवड्यांच्या भाड्याहून जास्त घेता येत नाही, घर राखून ठेवायला एका आठवड्याहून जास्त नाही, आणि वेगळ्या कायद्याने अनामत ३० दिवसांत मान्यताप्राप्त योजनेखाली सुरक्षित करावी लागते. एका एजंटने आमच्याकडे ‘कागदपत्रांचा खर्च’ वेगळा मागितला. कायद्याचं नाव घेताच मागणी गेली.

जीपी, म्हणजे घराजवळचा सरकारी डॉक्टर, याच्याकडे नाव पहिल्याच आठवड्यात घाला. त्यासाठी पत्त्याचा पुरावा किंवा व्हिसा दाखवणं बंधनकारक नाही, हे बऱ्याच नव्या लोकांना ठाऊक नसतं. शाळेसाठी अर्ज कसा करायचा ते नगर परिषदेकडे विचारा.

७. हिवाळ्याला आजार समजा आणि आधी औषध घ्या.

डिसेंबरात लीड्सला पावणेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. सावळ्या कातडीच्या लोकांना ड जीवनसत्त्व लवकर कमी पडतं. ब्रिटिश सरकारचाच सल्ला थंडीत रोज १० मायक्रोग्रॅमचा आहे. दुपारी जेवणाच्या सुट्टीत बाहेर चालून या, पाऊस असला तरी. त्या वर्षी लक्ष्मीपूजन ४ नोव्हेंबरला आणि इंग्रजांची फटाक्यांची रात्र ५ नोव्हेंबरला होती. लेकीला वाटलं, सगळं शहर दिवाळी करतंय. आम्ही तिला तसंच वाटू दिलं.

८. मागे राहणाऱ्यांची व्यवस्था आधी, बॅगा नंतर.

हे सगळ्यात महत्त्वाचं, म्हणून शेवटी सविस्तर. निघण्याआधी आम्ही आई-बाबांसाठी एक फाइल केली: दोघांची औषधं, डॉक्टरांचे नंबर, विम्याची कागदपत्रं, बँकेतल्या वारसनोंदी. घराची एक किल्ली शेजारच्या जोशीकाकूंकडे, एक माझ्या मामेभावाकडे. ऑक्सिमीटर कपाटात नाही, टेबलावर. बाबांना फोनवरून पैसे पाठवायला शिकवलं, आईला व्हिडिओ कॉल लावायला. आणि एक अवघड गोष्टही बोललो: आम्ही वेळेवर पोहोचू शकलो नाही, तर निर्णय कोण घेणार. आईने विषय टाळला, बाबांनी मामेभावाचं नाव सांगितलं. ते कागदावर लिहिलं.

नोव्हेंबरच्या शेवटी ओमायक्रॉन आला. १५ डिसेंबरला सुरू व्हायची भारताची नियमित विमानसेवा पुन्हा पुढे ढकलली गेली. ११ जानेवारी २०२२पासून भारतात उतरणाऱ्या प्रत्येकाला सात दिवस घरात राहणं सक्तीचं झालं. त्याच आठवड्यात बाबांना न्यूमोनिया झाला. मी तिकीट काढलं असतं तरी रुग्णालयात त्यांच्याजवळ पोहोचायला नऊ-दहा दिवस लागले असते. रात्री दोन वाजता जोशीकाकूंनी दार उघडलं, मामेभाऊ गाडी घेऊन आला, फाइल डॉक्टरांच्या हातात गेली. मी लीड्सच्या स्वयंपाकघरात फोन धरून बसले होते. बाबा आठवड्याने घरी आले. त्या रात्री तिथे नसण्याचं दुःख गेलं नाही, आणि ते जावं अशी माझी अपेक्षाही नाही. पण त्यांच्यापाशी माणसं होती.

१८ मार्च २०२२ला ब्रिटनने प्रवासाचे सगळे कोविड निर्बंध उठवले, २७ मार्चला भारताची विमानं नियमित झाली. आई-बाबांना लगेच बोलवावं म्हटलं, तर आईच्या पासपोर्टची मुदत संपलेली. तो नवा होऊन व्हिसा मिळेपर्यंत उन्हाळा सरला आणि ते सप्टेंबरात, गणपतीनंतर आले. तुमची मुलं परदेशी असतील किंवा जाणार असतील, तर आज कपाटातून तुमचे पासपोर्ट काढा आणि मुदतीची तारीख बघा. वर्षभराच्या आत संपत असेल तर याच आठवड्यात नूतनीकरणाचा अर्ज करा.