ट्रॅक्टरच्या दुहेरी क्लचचे दोष कसे ओळखावे

साखऱ्याकडील काळ्या जमिनीत हळदीसाठी रोटाव्हेटर फिरू लागला, की क्लचची खरी परीक्षा होते. दुहेरी क्लचमध्ये एकाच पेडलवर दोन प्लेटी चालतात. पेडल अर्धे दाबल्यास चाकांकडील शक्ती तुटते, अवजार फिरत राहते. पुरते दाबल्यास अवजारही थांबते. दोष ओळखण्याची किल्ली हीच होय.

इंजिन जोराने फिरते, रोटाव्हेटरही नीट चालतो, पण ट्रॅक्टर ओढत नाही, तर चाकांकडील प्लेट सरकते असे जाणावे. चाके ओढतात, पण ढेकळात रोटाव्हेटर मंदावतो व इंजिनावर भार जाणवत नाही, तर दोष पी.टी.ओ.च्या प्लेटीचा. गिअर टाकताना खरखर झाल्यास क्लच पुरता सुटत नाही.

मिस्त्री प्लेटी बदला म्हणाला, तरी आधी पेडलचा मोकळा खेळ पुस्तिकेतील मापाशी ताडून पाहावा. खेळ मुळीच नसल्यास प्लेट सरकते. फाजील असल्यास क्लच सुटत नाही. पेडलवर सदा पाय टेकविणारा ड्रायव्हर प्लेटी व बेअरिंग दोन्ही खातो. प्लेटीसाठी इंजिन व गिअरपेटी अलग करावी लागते. ती मजुरी थोडी नव्हे. क्लचपेटीखालील भोकातून तेल ठिबकत असेल, तर सीलही त्याच वेळी बदलावे, नाहीतर नवी प्लेट तेलकट होऊन पुन्हा सरकू लागते.