परीक्षा जवळ आली आणि भौतिकशास्त्र राहिले

(रविवारच्या शाळेचे शिक्षक व पालक यांच्यासाठी अभ्यासपाठ)



परीक्षेचे दिवस आले की आदिलाबाद जिल्ह्यातील बेला, जैनद ह्या भागांतील मराठी घरांत एक दृश्य हमखास दिसते. दहावीचे मूल पुस्तक उघडून बसलेले असते, पण पान काही उलटत नाही. कापूस वेचणीत शाळेचे दिवस बुडालेले असतात आणि वही अर्धी कोरी असते. विचारले तर उत्तर मिळते, “सगळेच राहिले आहे, कोठून सुरू करू?” अशा मुलाला “मन लावून अभ्यास कर” एवढेच सांगणे म्हणजे वाट चुकलेल्याला “नीट जा” म्हणण्यासारखे आहे. त्याला वाट दाखविली पाहिजे. ती कशी दाखवावी, हे आपण ह्या पाठात पाहू.

१. ‘सगळे’ म्हणजे किती ते मोजावे

तेलंगणात दहावीला भौतिकशास्त्र व रसायनशास्त्र ही दोन्ही एकाच विषयात येतात. मुलाला एका कागदावर प्रकरणांची नावे लिहावयास सांगावे: आरसे, भिंगे, मानवी डोळा, विद्युतधारा, विद्युतचुंबकत्व इत्यादी. प्रत्येकापुढे ‘येते’, ‘अर्धे येते’ किंवा ‘येत नाही’ असे लिहावे. कागद भरला की ‘सगळे’ राहिलेले नाही, चारपाच प्रकरणे राहिली आहेत, हे त्याचे त्यालाच दिसते. भीतीला आकडा मिळाला की ती निम्मी होते.

सुरुवात ‘अर्धे येते’ येथून करावी. तेथे थोड्या श्रमात पुष्कळ हाती लागते आणि धीर येतो. मग ‘येत नाही’ कडे वळावे.

२. वाचले म्हणजे आले असे नव्हे

आपली मुले धडा चारचार वेळा वाचतात. अमेरिकेतील रोडिगर व कार्पिक ह्या दोन मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये ह्याविषयीचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले. एका प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी उतारा चार वेळा वाचला. दुसऱ्यांनी एकदाच वाचून तीन वेळा न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारले तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने मात्र वाचणाऱ्यांच्या लक्षात सुमारे 40 टक्के मजकूर राहिला होता, तर आठवून लिहिणाऱ्यांच्या 61 टक्के.

म्हणून एक पान वाचून झाले की पुस्तक मिटावे आणि कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहावे, आकृती काढावी. मग पुस्तक उघडून चुका लाल शाईने दुरुस्त कराव्या. हेच दोन दिवसांनी व पुन्हा आठवड्याने करावे. आठवताना त्रास होतो, तेव्हा मुलाला वाटते की आपल्याला काहीच येत नाही. तो त्रास म्हणजेच अभ्यास होय, हे त्याला आधीच सांगून ठेवावे.

३. सूत्रामागची वस्तू दाखवावी

मराठी माध्यमातून शिकलेल्या आपल्या मुलांवर आणखी एक ओझे असते. आज ‘रोध’ पाठ केला, तर उद्या इंटरमीजिएटला विज्ञान घेतल्यावर बहुधा ‘रेझिस्टन्स’ म्हणावे लागते. नुसता शब्द पाठ असेल तर शब्दाबरोबर ज्ञानही जाते. वस्तू समजली असेल तर मात्र ती कोणत्याही भाषेत राहते.

घरातील स्टीलचा चमचा घ्या. आतल्या बाजूने पाहिले तर चेहरा उलटा दिसतो, बाहेरच्या बाजूने सुलटा. झाले, अंतर्गोल व बहिर्गोल आरसे घरातच मिळाले!

आपला कुंतला धबधबा सुमारे 45 मीटर उंच आहे. तेवढ्या उंचीवरून दगड सरळ खाली पडला तर किती वेळ लागेल? गुरुत्वत्वरण सोयीसाठी 10 धरावे व हवेचा विरोध सोडून द्यावा. उंचीची दुप्पट 90, तिला 10 ने भागले की 9, त्याचे वर्गमूळ 3. म्हणजे 3 सेकंद. आणि खाली पोचतानाचा वेग सेकंदाला 30 मीटर. आता विचारावे, “उंची चौपट झाली तर?” मुले चटकन ‘12 सेकंद’ म्हणतात. उत्तर 6 सेकंद आहे, कारण वेळ उंचीच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतो. असा एक प्रश्न दहा वेळा सूत्र घोकण्यापेक्षा अधिक शिकवितो.

४. गणिते मिसळून सोडवावी

आरशांची दहा गणिते एकापाठोपाठ केली की कोणते सूत्र लावावे हा विचारच करावा लागत नाही. परीक्षेत मात्र तोच करावा लागतो. रोहरर व टेलर ह्यांच्या 2007 च्या प्रयोगात एकाच प्रकारची गणिते सलग सोडविणारे सरावाच्या वेळी पुढे होते. आठवड्याने घेतलेल्या परीक्षेत मात्र त्यांना 20 टक्के, तर मिसळून सराव करणाऱ्यांना 63 टक्के गुण पडले. म्हणून चिठ्ठ्यांवर निरनिराळ्या प्रकरणांची गणिते लिहून डब्यात टाकावी आणि रोज पाच उचलावी.

५. आपले, मोठ्यांचे काम

शेवटच्या आठवड्यात रात्रभर जागू देऊ नये. झोपेत मेंदू दिवसाचे शिकलेले पक्के करतो. शेजारच्या मुलाचे गुण ऐकवू नयेत. घरात गर्दी असेल तर संध्याकाळी दोन तास बसावयास शांत जागा द्यावी. मंडळीचे सभागृह आठवडाभर रिकामेच असते.

आणि एक गोष्ट आम्हांला जड अंतःकरणाने लिहावी लागते. एप्रिल 2019 मध्ये तेलंगणात इंटरमीजिएटचा निकाल लागल्यावर वीसहून अधिक विद्यार्थ्यांनी जीव दिल्याच्या बातम्या आल्या. त्या निकालातच चुका झाल्या होत्या, हे नंतर चौकशीत दिसून आले. गुणपत्रिका चुकू शकते, ती दुरुस्त होऊ शकते, परीक्षा पुन्हा देता येते. मूल पुन्हा मिळत नाही. हे निकालानंतर नव्हे, आजच, परीक्षेपूर्वी मुलाला तोंडाने सांगा. मूल गप्प राहू लागले, जेवेनासे झाले, ‘मी नसतो तर बरे’ असे बोलू लागले, तर त्याला एकटे सोडू नका, रागावू नका, जवळ बसून ऐका. सरकारच्या टेली-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक रात्रंदिवस चालू असतो आणि तेथे विनामूल्य बोलता येते.

विचारासाठी प्रश्न

(१) आपल्या वर्गातील कोणती मुले यंदा परीक्षेस बसत आहेत? त्यांपैकी कोणाशी आपण ह्या महिन्यात बोललो?
(२) त्यांना अभ्यासाला शांत जागा आहे काय? नसेल तर आपण कोणती देऊ शकतो?
(३) “तू नापास झालास तरी आमचाच आहेस,” हे वाक्य आपल्या घरात शेवटचे केव्हा बोलले गेले?