पावसाळ्यात उभ्या ट्रॅक्टरची बॅटरी

ठाण्याकडे मानपाडा नावाची ठिकाणं दोन. घोडबंदर रस्त्यावरच्या मानपाड्याच्या आसपास रोपवाटिका आहेत. जून-जुलैत लोक झाडं लावतात, तेव्हा तिथली बॅटरीवरची ट्रॉली भर पावसातही कुंड्या वाहते. डोंबिवलीलगतच्या मानपाड्याकडे लावणीचा चिखल झाला की बागकामाचा छोटा ई-ट्रॅक्टर पत्र्याच्या शेडमध्ये जातो, तो नवरात्रात बाहेर निघेपर्यंत तसाच. यातली उभी असलेलीच बॅटरी आधी बसण्याची भीती जास्त.

कारण सरळ आहे. लेड-ॲसिड बॅटरी उतरते तेव्हा आतल्या प्लेटांवर सल्फेट धरतं. लगेच चार्ज केली की ते विरघळतं. आठवडेच्या आठवडे तसंच राहिलं तर त्याचे कडक खडे होतात आणि मग कितीही वेळ चार्जर लावा, क्षमता परत येत नाही. त्यात नुसती उभी असलेली बॅटरीही महिन्याला चार-पाच टक्के उतरते, दमट उकाड्यात त्याहून जास्त. म्हणून शेवटची खेप झाली की त्याच दिवशी पूर्ण चार्ज करा, मेन स्विच बंद करा, केबल सोडवा आणि महिन्यातून एकदा पुन्हा चार्जर लावा. पौर्णिमेला किंवा अमावस्येला लावायची सवय ठेवली तर विसर पडत नाही.

पूर्ण चार्ज म्हणजे काय, हे चार्जरच्या हिरव्या दिव्यावर सोडू नका. चार्जर काढून रात्रभर थांबा आणि सकाळी मीटर लावा. 12 व्होल्टची बॅटरी 12.6 ते 12.7 दाखवत असेल तर भरलेली, 12.1-12.2 म्हणजे निम्मी रिकामी. 48 व्होल्टच्या गाडीत चार बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या असतात, तेव्हा चारही वेगवेगळ्या मोजा. एकूण आकडा बरा दिसतो आणि त्यात एखादी अर्धा व्होल्ट मागे असते. तीच उरलेल्या तिघींना खाली ओढते.

पाणी घालण्यातच सगळ्यात जास्त चुका होतात. बूच काढून बघा: प्लेटा उघड्या पडल्या असतील तर आधी त्या बुडतील एवढंच पाणी घाला, चार्ज करा आणि मग खुणेपर्यंत भरा. आधीच काठोकाठ भरलं तर चार्जिंगमध्ये ॲसिड उतू जातं. पाणी डिस्टिल्डच हवं. बोअरचं नको, नळाचं नको आणि एसीच्या नळीतून ठिबकणारंही नको. त्यात कॉइलवरची धूळ आणि धातू उतरलेला असतो. ॲसिड तर कधीच वरून घालायचं नाही. सीलबंद बॅटरीचं झाकण मात्र उचकटू नका.

बॅटरी सिमेंटच्या फरशीवर ठेवली की उतरते, असं जुनेजाणते अजून सांगतात. रबरी डब्यांच्या काळात त्यात तथ्य होतं, आजच्या प्लास्टिकच्या डब्यांना ते लागू नाही. खरा चोर आहे तो वरच्या झाकणावरचा ओला, ॲसिडमिश्रित थर. त्यातून दोन टर्मिनलांमध्ये बारीक प्रवाह वाहत राहतो. बुचं घट्ट लावून खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने झाकण पुसा. टर्मिनलवरची हिरवट-पांढरी भुकटी घासून काढा, कोरडं करा आणि व्हॅसलिन लावा. हातात रबरी मोजे आणि डोळ्यांवर चष्मा असू द्या.

रोज चालणाऱ्या ट्रॉलीचा प्रश्न वेगळा. महावितरणची वीज मध्येच गेली की चार्जिंग अर्धवट राहतं. पहिले ऐंशी टक्के भराभर भरतात, शेवटच्या वीस टक्क्यांना काही तास लागतात आणि नेमके तेच बुडतात. आठवड्यातून एक रात्र तरी सलग चार्जिंग मिळालंच पाहिजे. निम्म्याखाली उतरवू नका. चार्जर क्षमतेच्या दहाव्या भागाचा ठेवा, म्हणजे 100 अँपिअर-अवरला 10 अँपिअर. विजा कडकडत असतील तर प्लग काढा. चार्जिंगमध्ये हायड्रोजन निघतो, तेव्हा पावसाची झड येते म्हणून गाडीवर ताडपत्री गुंडाळून चार्जर लावू नका. शेडची एक बाजू उघडी हवी, जवळ बिडी-काडी नको.

2025 मध्ये ठाण्याच्या आरटीओत ई-ट्रॅक्टरची नोंदणी झाली. लिथियमवरची अशी यंत्रं आता वाढतील. त्यांचा नियम उलटा: महिनोन्‌महिने उभी ठेवायची तर पूर्ण भरून नव्हे, निम्म्याच्या आसपास चार्ज ठेवून. लेड-ॲसिडचा चार्जर त्यांना लावू नये.

पूर्ण चार्ज करूनही नवरात्रात एखादी बॅटरी 12 व्होल्टच्या वर टिकत नसेल तर ती बदला. चारही सारख्या वयाच्या असतील तर चारही बदलणं बरं, कारण जुन्यांत नवी मिसळली की नवीचं आयुष्यही घटतं. जुनी बॅटरी नवी घेताना दुकानदाराकडे परत द्या. 2022 च्या बॅटरी कचरा नियमांनुसार उत्पादकांवर ती परत गोळा करण्याची जबाबदारी आहे. शेताच्या बांधावर ती फोडून शिसं काढू नका. मातीत गेलेलं शिसं पुढच्या पिकालाही सोडत नाही.