मुंबई बंदराच्या वाटेवरील दोन दिवे

दक्षिणेकडून रात्री मुंबई बंदरात येणाऱ्या जहाजास प्रथम अलिबागजवळच्या खांदेरी बेटावरील दिवा दिसतो व नंतर कुलाब्याच्या टोकाबाहेरील प्राँग्ज दीपस्तंभाचा. पहिला १८६७ सालचा. दुसरा १८७५ साली अभियंते थॉमस ऑर्मिस्टन यांनी बांधला. प्राँग्जची खडकांची रांग भरतीच्या पाण्यात दिसेनाशी होते, हेच त्याच्या उभारणीचे कारण. खांदेरीचे महत्त्व तर त्याहून जुने. शिवाजी महाराजांनी १६७९ साली तेथे किल्ला बांधावयास घेताच इंग्रज व सिद्दी दोघेही विरोधास उभे राहिले होते.

परंतु दिवा नुसता दिसून भागत नाही. तो ओळखता यावा लागतो. प्राँग्जचा दिवा डाव्या हातास ठेवून बंदरात शिरावयाचे असते. खांदेरीलाच प्राँग्ज समजणारे जहाज थळच्या खडकाळ, उथळ पाण्यात जाईल! म्हणून प्रत्येक दिव्याच्या झोतांचा क्रम व त्यांमधील अंतर निराळे ठेवून नौकानयनाच्या नकाशांत नोंदलेले असते. दिवा मात्र विझत नाही. त्याच्याभोवतीचे भिंग फिरते व प्रत्येक फेरीत झोत खलाशाच्या डोळ्यांवरून जातो. फ्रेंच शास्त्रज्ञ फ्रेनेल यांनी १८२२ च्या सुमारास घडविलेल्या या भिंगात काचेची अनेक वलये पसरणारा प्रकाश एकत्र आणतात.

उंचीचे कारण पृथ्वीची गोलाई. ३६ मीटर उंचीवरील दिव्याचे क्षितिज सुमारे १२ सागरी मैलांवर असते.

उपग्रहांच्या साहाय्याने आता जहाजाचे स्थान कळते. तरी यंत्र बिघडल्यास पडताळा दिव्याचाच. १९२७ च्या दीपगृह कायद्याऐवजी २०२१ साली आलेल्या कायद्यात वारसा म्हणून जपावयाच्या दीपस्तंभांचीही तरतूद आहे.