टॉवर कलला की फोटो?

प्रश्न : सोसायटीचा नकाशा करायला हवाई फोटोवर इमारतीची बाह्यरेषा काढायला घेतली. फोटोत आमचा टॉवर शेजारच्या कंपाउंडवर कललेला दिसतो. फोटो ‘दुरुस्त केलेला’ आहे म्हणतात, मग असं का? आणि रेषा काढायची कुठून? – एक वाचक, घोडबंदर रोड, ठाणे

उत्तर : टॉवर सरळच आहे, काळजी नसावी. गॅलरीतून वाकून पाहिलं तर थेट खाली उभ्या माणसाचं फक्त डोकं दिसतं, लांबच्याचं मात्र अंगही दिसतं. विमानातल्या कॅमेऱ्याचं तसंच. उंच वस्तूचा माथा फोटोच्या मध्यापासून बाहेरच्या बाजूला सरकतो. समजा, विमान १००० मीटर उंचीवर आहे आणि त्याच्या थेट खालच्या जागेपासून ५०० मीटरवर ९० मीटर उंचीचा टॉवर आहे. त्याची गच्ची फोटोत सुमारे ५० मीटर बाहेर पडते. म्हणजे सरळ शेजाऱ्याच्या आवारात!

डोंगराचंही हेच होतं. डोंबिवलीच्या खाडीकाठच्या सपाट जमिनीवर चूक थोडी असते. येऊर किंवा पारसिकच्या डोंगरावर मात्र सरळ रस्तासुद्धा वाकडा उमटतो. ही चूक काढण्यासाठी फोटो टिपताना कॅमेरा नेमका कुठे आणि किती तिरपा होता, भिंगाचा दोष किती, हे लागतं. जमिनीवर पांढऱ्या खुणा करून त्यांची जागा अचूक जीपीएसने मोजतात. सगळ्यात महत्त्वाचा असतो तो जमिनीच्या चढउतारांचा तक्ता. त्यावरून फोटोचा कण न् कण आपल्या जागी बसवला, की सगळीकडे एकच प्रमाण येतं.

तुमची अडचण इथेच आहे. हा तक्ता बहुधा उघड्या जमिनीचा असतो, त्यात इमारती नसतात. त्यामुळे टॉवरचा पाया जागेवर येतो, गच्ची कललेलीच राहते. गच्चीही जागेवर आणता येते, पण त्यासाठी प्रत्येक इमारतीची उंची आणि एकमेकांवर चढणारे पुष्कळ फोटो लागतात. खर्च वाढतो.

तेव्हा रेषा पायथ्याशी काढा. भिंत जमिनीला टेकते तो एखादा कोपरा शोधा, गच्चीची आकृती काढा आणि न फिरवता तशीच सरकवून त्या कोपऱ्यावर आणा. सावलीच्या कडेला भिंत समजू नका. आणि झूम केल्यावर मोटारी स्पष्ट दिसतात म्हणून जागाही अचूक, असं धरून चालू नका. स्पष्टपणा वेगळा, अचूकपणा वेगळा.

अशा दुरुस्त फोटोंवर मोठी कामं होतात. २४ एप्रिल २०२० ला सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत भारतीय सर्वेक्षण विभाग ड्रोनने गावठाणं टिपतो. पण तिथेही मिळकतींच्या हद्दी आधी जागेवर चुन्याने आखतात, मगच ड्रोन उडतो. कारण मालकीची हद्द कॅमेऱ्याला दिसत नाही. शेजाऱ्यांशी कुंपणावरून वाद असेल, तर फोटो पुढे करू नका. भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करा.