आग लागली तर धावायचे कुणी आणि कसे?

मागे एकदा आम्ही साक्षरतेच्या वर्गासाठी एका गावी गेलो होतो. चैत्राचे दिवस होते. भर दुपार. वारा सुटलेला. एकाएकी ओरडा झाला, "गंजी पेटली! धावा, धावा!"

कडब्याची गंजी पेटली होती. गंजीला लागून गोठा. गोठ्याला लागून घर. सारे गाव धावले. कुणाच्या हातात घागर, कुणाच्या हातात कळशी, कुणी रिकाम्या हातानेच. विहीर शंभर पावलांवर होती. पण विहिरीवर दोर एकच! दहा जण त्या दोराला झोंबले. ज्याची कळशी भरली तो पळत सुटला आणि समोरून येणाऱ्यावर आदळला. अर्धे पाणी वाटेत सांडले. उरलेले लोकांनी लांबूनच फेकले. ते आगीपर्यंत पोचलेच नाही.

तालुक्याहून बंब आला तो तासाभराने. आला तर गल्लीच्या तोंडाशी बैलगाडी सोडलेली. ती ओढून बाजूला करण्यात आणखी वेळ गेला. गोठा गेला. घर अर्धे उरले. बैल मात्र वाचले. एका म्हातारीने ओरडून सांगितले, "अरे, दावी सोडत बसू नका, कापा!" तेव्हा एका पोराने विळ्याने दावी कापली.

त्या रात्री वर्गात कुणाचे पाटीवर लक्ष नव्हते. एक काका म्हणाले, "गुरुजी, गाव काही कमी पडलं नाही. समदे धावले. मग असं का झालं?"

आम्हांला तेव्हा नीट उत्तर देता आले नाही. पुढे आम्ही याविषयी वाचले, चार जाणत्यांना विचारले. जे कळले ते या पाठात सांगत आहोत.

बंब लांब असतो, ही अडचण काही आपल्याच गावाची नाही. अमेरिका म्हटले की आपल्याला मोठमोठ्या इमारती आठवतात. पण त्या देशातही लहान लहान गावे आहेत, शेतकरी आहेत, गोठे आहेत. अशा गावाला पगारी माणसे ठेवून बंब पोसणे परवडत नाही. मग तिथे काय करतात? गावकरीच बंब चालवतात. कुणी शेतकरी, कुणी दुकानदार, कुणी शाळामास्तर. बायकाही त्यात असतात. त्या देशात आग विझवणाऱ्या दर तीन माणसांमागे सुमारे दोन माणसे अशी स्वयंसेवक आहेत. बहुतेकांना या कामाचा पगार नाही.

ही चाल फार जुनी आहे. फिलाडेल्फिया नावाच्या शहरात बेंजामिन फ्रँकलिन नावाचा एक छापखानेवाला होता. पुढे तो मोठा पुढारी झाला.  फ्रँकलिनने आपल्या वर्तमानपत्रात लोकांना बजावले की, जळते निखारे उघड्या फावड्यावर घेऊन या खोलीतून त्या खोलीत जाऊ नका. पूर्वी आपल्याकडे बायका शेजारणीकडून विस्तव आणत, तशातलीच ही गोष्ट. एखादी ठिणगी पडली की संपले!

नुसते लिहून तो थांबला नाही. १७३६ साली त्याने तीस जणांचे एक मंडळ केले. मंडळाचे नियम साधे होते. प्रत्येकाने आपल्या घरी ठरलेल्या इतक्या चामड्याच्या बादल्या नीट ठेवायच्या. आपली मोट चामड्याची असे, तशाच या बादल्या. त्याबरोबर मजबूत पोती आणि टोपल्या ठेवायच्या, म्हणजे पेटत्या घरातले सामान भराभर बाहेर काढता येते. महिन्यातून एकदा सर्वांनी जमायचे आणि आगीविषयी बोलायचे. जो सभेला येणार नाही त्याला थोडा दंड. त्या दंडाच्या पैशांतून मंडळाने शिड्या घेतल्या, छपरे ओढून पाडायचे आकडे घेतले, हाताने चालवायचे बंब घेतले. आम्हांला ही दंडाची युक्ती फार आवडली. न येणाऱ्याचाही गावाला उपयोग झाला!

मंडळाचा लौकिक झाला. पुष्कळ जण म्हणू लागले, आम्हांलाही घ्या. तेव्हा त्यांना सांगण्यात आले की, तुम्ही तुमचे वेगळे मंडळ करा. अशी शहरभर मंडळे झाली.

आता अशा गावचे काम आज कसे चालते ते पाहू. पूर्वी गावात उंचावर भोंगा असे. आता भोंग्याबरोबर कमरेला लावायचे लहान यंत्र असते, फोन असतो. यंत्र वाजले की दुकानदार दुकान सोडतो, शेतकरी नांगरट सोडतो. जो तो बंबघराकडे पळतो. न्यूयॉर्क राज्यात हे लोक आपल्या खाजगी मोटारीवर निळा दिवा लावू शकतात. पण त्या दिव्याने वाटेचा हक्क मिळत नाही. इतरांनी वाट द्यावी ही विनंती असते, एवढेच.

बंबघरात जाड कोट, टोप आणि बूट तयार असतात. पाठीवर हवेची टाकी, तोंडावर मुखवटा. कारण आगीत माणूस जळून मरतो त्यापेक्षा धुराने अधिक मरतो. पाठीवरची हवा साधारण अर्धा तास पुरते असे म्हणतात. पण दमछाक झाली की माणूस जास्त हवा ओढतो आणि ती लवकर संपते.

पेटत्या घरात एकट्याने शिरायचे नाही, हा त्यांचा पक्का नियम आहे. दोघे आत गेले तर दोघे तयारीने बाहेर उभे. आणखी एक गोष्ट करतात. प्रत्येकाजवळ त्याच्या नावाचा बिल्ला असतो. आत जाण्याआधी तो बाहेरच्या माणसाकडे द्यायचा. बाहेर आल्यावर परत घ्यायचा. एकाएकी छप्पर खाली आले, तर आत कोण अडकले हे बिल्ल्यांवरून कळते. मंडळी, आपल्याकडे आग विझल्यावर "अरे, अमका कुठे आहे?" अशी शोधाशोध होते. तिथे ते आधीच माहीत असते. शिवाय यासाठी वाचता यावे लागते, हेही आमच्या मनात आले.

पाण्याची कथा आणखी मोठी. शहरात रस्त्याखाली नळ असतो, त्याला नळी जोडली की झाले. खेड्यात तसा नळ नाही. बंब आपल्याबरोबर दोन ते चार हजार लिटर पाणी आणतो. ऐकायला पुष्कळ वाटते. पण एका नळीतून मिनिटाला चारपाचशे लिटर पाणी जाते. म्हणजे भरलेली टाकी दहा मिनिटे पुरणेही कठीण! म्हणून ते लोक रस्त्याच्या कडेला घडीची मोठी टाकी उभी करतात. पाण्याच्या गाड्या येतात, त्या टाकीत पाणी ओततात आणि पुन्हा भरायला जातात. बंब त्या टाकीतून पाणी ओढतो. काही गावांत तळ्यात कायमची नळी पुरून ठेवतात. तिचे एक तोंड पाण्याखाली, दुसरे रस्त्याशी. बंब आला की जोडायचे आणि ओढायचे.

इथे शेतकऱ्याला एक शंका येईल. बंब आपल्या विहिरीतून पाणी ओढील का? वर काठावर ठेवलेला पंप सात-आठ मीटरपेक्षा खोल असलेले पाणी ओढू शकत नाही. म्हणून तर आपण पंप विहिरीच्या आत, पाण्याजवळ उतरवून बसवतो. उन्हाळ्यात विहिरीचे पाणी खोल जाते आणि आगी त्याच दिवसांत लागतात. तेव्हा बंबाला पाणी कुठून मिळेल, हे गावाने आधी ठरवून ठेवलेले बरे. कुठल्या विहिरीवर चालू मोटर आहे? कुठल्या तळ्याकाठी गाडी जाते? बंब येऊन उभा राहिल्यावर ही चौकशी करायला वेळ नसतो.

त्या लोकांचे सगळेच चांगले चालले आहे असे मात्र नाही. तरुण माणसे कामाला लांब शहरात जातात. दिवसा गावात माणूस नसतो. नवे स्वयंसेवक मिळत नाहीत, जुने म्हातारे होत आहेत. शिकायलाही पुष्कळ तास द्यावे लागतात. पैशासाठी गावजेवणे घालतात, वर्गण्या काढतात. म्हणून शेजारची गावे एकमेकांशी करार करतात. तुमच्याकडे आग, तर आमचा बंब येईल. आमच्याकडे आग, तर तुमचा.

तसा बंब आपल्या प्रत्येक गावाला मिळेल, असे आम्ही म्हणत नाही. पण फ्रँकलिनच्या तीस जणांजवळ सुरुवातीला तरी काय होते? बादल्या, पोती आणि ठरवून घेतलेले काम.

हे सारे आम्ही त्याच गावच्या वर्गात सांगितले. काका म्हणाले, "करून बघू." एका संध्याकाळी चाळीस माणसे जमली. विहिरीपासून जळालेल्या गोठ्यापर्यंत दोन रांगा केल्या. एका रांगेतून भरलेली बादली हातोहात पुढे, दुसऱ्या रांगेतून रिकामी मागे. कुणी जागा सोडायची नाही. पहिल्या खेपेला निम्मे पाणी अंगावर सांडले आणि हशा झाला. तिसऱ्या खेपेला हात बसला. बायकांचा तर पहिल्यापासूनच बसलेला होता. घागर कामाची नाही, हेही तेव्हाच कळले. तिचे तोंड अरुंद, पाणी फेकता येत नाही. बादलीच हवी.

मग कामे वाटली. दोघांनी आधी गुरांची दावी कापायची. चौघांनी वाऱ्याच्या अंगाला असलेल्या शेजारच्या छपरावर पाणी मारायचे, कारण आग तिकडेच उडी घेणार. वायरमनला फोन कुणी करायचा ते ठरले. विजेची तार तुटली असेल तर वीज बंद होईतो पाणी मारायचे नाही. कढईतले तेल पेटले तर त्यावरही पाणी नाही. शेगडी बंद करून वर झाकण ठेवायचे. कपडे पेटले तर पळायचे नाही, जमिनीवर लोळायचे आणि वरून घोंगडी टाकायची. भाजल्यावर वीस मिनिटे साधे थंड पाणी सोडायचे. शाई नको, दंतमंजन नको.

एकाने १०१ किंवा ११२ ला फोन करायचा. गाव, फाटा आणि काय पेटले ते सांगायचे. दुसऱ्याने फाट्यावर जाऊन उभे राहायचे, म्हणजे बंब वाट चुकत नाही. गल्लीच्या तोंडाशी गाडी सोडायची नाही, यावर मात्र बराच वाद झाला.

शेवटी दोराचा प्रश्न निघाला. दुसरा दोर आणि पोहरा कुणाच्या घरी ठेवायचा? ज्याच्या घरी ठेवू तो नेमका शेतावर असला आणि दाराला कुलूप असले तर? पुष्कळ बोलणे झाले. तो दोर आता शाळेच्या ओसरीवर खुंटीला टांगलेला आहे. खाली खडूने लिहिले आहे, "आगीसाठी. दुसऱ्या कामाला नेऊ नये." हे अक्षर त्या म्हातारीच्या सुनेचे आहे.