जुना संगणक व अपरिचित कार्यप्रणाली : शिक्षकांसाठी अभ्यासपाठ

विषयप्रवेश

ज्या शाळेच्या डेडस्टॉक रजिस्टरात संगणकाची नोंद आहे, पण संगणक मात्र कापड पांघरून कोपऱ्यात उभा आहे, अशा शाळेच्या शिक्षकासाठी हा पाठ आहे. संगणक बंद राहण्याचे कारण दर वेळी यंत्राचा बिघाड असतेच असे नाही. पुष्कळदा यंत्र धडधाकट असते, पण त्यावरील विंडोज जुनी झालेली असते. विंडोज ७ ला मिळणाऱ्या सुरक्षाविषयक दुरुस्त्या १४ जानेवारी २०२० रोजी थांबल्या, आणि विंडोज १० च्या सर्वसाधारण दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. विंडोज ११ साठी किमान ४ जीबी स्मृती, ६४ बिटी प्रोसेसर व टीपीएम २.० हा सुरक्षाघटक लागतो. जुन्या संगणकांत तो बहुधा नसतो. मग संगणक निर्लेखित करावा, की त्याच यंत्रावर लिनक्ससारखी निराळी, विनामूल्य कार्यप्रणाली बसवून ते पुन्हा चालते करावे, असा प्रश्न उभा राहतो.

दुसरा मार्ग कमी खर्चाचा आहे, परंतु शिक्षकाच्या मनात एक संकोच असतो. एमएस-सीआयटीच्या वर्गात जे पडद्यावर पाहिले ते येथे दिसत नाही. मुलांसमोर चुकलो तर काय, ही धास्ती वाटते. शिरूर व दौंड तालुक्यांच्या वाड्यावस्त्यांवर अशीही मुले आहेत की ज्यांच्या घरी संगणक नाही. त्यांना तो हाताळावयास मिळेल तो केवळ शाळेतच. शिक्षकाच्या संकोचाची किंमत ती मुले देतात. म्हणून या संकोचाचा विचार आधी केला पाहिजे.

कार्यप्रणाली म्हणजे काय?

संगणकाचा प्रोसेसर, स्मृती, डिस्क, कीबोर्ड व पडदा हे त्याचे अवयव होत. या अवयवांकडून काम करून घेणारी, एकाच वेळी चालणाऱ्या अनेक कामांना स्मृतीत जागा वाटून देणारी आणि आपण लिहिलेला मजकूर डिस्कवर नेमका कोठे ठेवला याची नोंद राखणारी मूळ आज्ञावली म्हणजे कार्यप्रणाली, अर्थात ऑपरेटिंग सिस्टीम. विंडोज ही एक कार्यप्रणाली, लिनक्स ही दुसरी. लिनक्सचा गाभा फिनलंडमधील लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली लिहिला. पुढे जगभरच्या जाणकारांनी तो वाढविला. ज्याचे मुख्यालय पुण्यात आहे त्या सी-डॅक या संस्थेने लिनक्सवरच आधारलेली 'बॉस' ही भारतीय कार्यप्रणाली तयार केली आहे.

दौंड जंक्शनचा दाखला येथे उपयोगी पडेल. मनमाडच्या बाजूने येऊन पुण्याकडे जाणाऱ्या काही गाड्यांचे इंजिन दौंडला काढून गाडीच्या दुसऱ्या टोकाला जोडावे लागते. डबे तेच, प्रवासी तेच, सामानही जागच्या जागी. पण गाडी सुटली की आतापर्यंत तोंड पुढे करून बसलेला प्रवासी एकाएकी पाठमोरा जाऊ लागतो. नवखा मनुष्य घाबरून म्हणतो, 'गाडी माघारी निघाली!' नेहमीचा प्रवासी मात्र स्वस्थ बसतो, कारण आपले गाव कोणत्या बाजूला आहे हे त्याला ठाऊक असते. अपरिचित कार्यप्रणालीसमोर बसलेल्या शिक्षकाची स्थिती त्या नवख्यासारखी असते. कोणते काम करावयाचे आहे हे ज्याने पक्के ठरविले, त्याला दिशा बदलल्याचा भ्रम फार काळ त्रास देत नाही.

तेच राहते काय, बदलते काय?

ज्ञाताकडून अज्ञाताकडे जावे, हे अध्यापनाचे सूत्र शिक्षकाने येथे स्वतःला लावावे. प्रथम ज्ञात गोष्टींची यादी करावी. माउसचे काम तेच आहे. कंट्रोलबरोबर सी दाबल्यास नक्कल, व्ही दाबल्यास चिकटवणे, झेड दाबल्यास केलेले मागे घेणे आणि एस दाबल्यास जतन करणे, हे दोन्ही प्रणालींत समान आहे. फोल्डरात फोल्डर असतो, हेही समान. फायरफॉक्ससारखा ब्राउझर दोन्हीकडे एकाच रीतीने चालतो. त्यामुळे केवळ ब्राउझरातून भरावयाची माहिती बहुधा पूर्वीप्रमाणेच भरता येते.

आता जे बदलते ते पाहावे. लिनक्समध्ये सी ड्राइव्ह, डी ड्राइव्ह अशी विभागणी दिसत नाही. वापरणाऱ्याचे सर्व काम 'होम' नावाच्या त्याच्या फोल्डरात राहते व पेन ड्राइव्ह आपल्या नावाने बाजूस दिसतो. नवी आज्ञावली कोठून तरी उतरवून घेण्याऐवजी प्रणालीच्या स्वतःच्या भांडारातून घ्यावयाची असते व त्या वेळी परवलीचा शब्द विचारला जातो. फाइलचे नाव इंग्रजीत लिहिले तर मोठी व लहान अक्षरे निराळी मानली जातात. देवनागरीत हा भेदच नसल्याने मराठी नावे दिली की हा घोटाळा उद्भवत नाही. वर्डच्या जागी लिबर ऑफिसचा रायटर येतो. तो वर्डच्या फाइली उघडतो, परंतु तक्त्यांची व समासांची मांडणी क्वचित हलते. यास्तव वरिष्ठ कार्यालयाकडे जावयाचा कागद पीडीएफ करून पाठविणे बरे.

पूर्वतयारी

१. मुख्याध्यापकांची संमती घ्यावी व केंद्रप्रमुखांना कल्पना द्यावी. संगणक शाळेचा आहे, आणि त्यातील विद्यार्थ्यांची माहितीही जबाबदारीने सांभाळावयाची आहे.

२. संगणकातील सर्व आवश्यक फाइली बाहेरील डिस्कवर उतरवून घ्याव्यात आणि त्या दुसऱ्या संगणकावर उघडून पाहाव्यात. नक्कल केली एवढ्यावर समाधान मानू नये. नक्कल उघडते की नाही, हे महत्त्वाचे.

३. संगणकाच्या माहितीच्या पानावर स्मृती किती आहे ते पाहावे. लिनक्स मिंटच्या एक्सएफसीई या हलक्या आवृत्तीला किमान २ जीबी स्मृती लागते. ४ जीबी असल्यास काम सुखाने चालते. प्रोसेसर ६४ बिटी आहे का, याचीही खात्री करावी. जुन्या यंत्रावरील विंडोज ३२ बिटी असली तरी प्रोसेसर ६४ बिटी असू शकतो. निव्वळ ३२ बिटी यंत्रांसाठीचे पर्याय घटत चालले आहेत. डेबियनची २०२५ साली आलेली तेरावी आवृत्ती अशा यंत्रावर नव्याने बसविता येत नाही.

४. शाळेचा प्रिंटर, स्कॅनर किंवा ज्याला खास विंडोजचीच आज्ञावली लागते असे एखादे काम असल्यास ते आधी पारखून घ्यावे.

अभ्यासाचे चार टप्पे

पहिला टप्पा : केवळ पाहणे. लिनक्स पेन ड्राइव्हवरूनच सुरू करता येते. संगणकाच्या डिस्कला हात लागत नाही. संगणक सुरू होताना एफ१२, एफ२ किंवा एस्केप यांपैकी त्या यंत्रास लागू असलेली कळ दाबून पेन ड्राइव्ह निवडावा. या अवस्थेत जतन केलेले काम संगणक बंद करताच नाहीसे होते, हे ध्यानात ठेवावे. 'डिस्क पुसून बसवा' या अर्थाचा पर्याय या टप्प्यात निवडू नये.

दुसरा टप्पा : एकच फाइल. रायटर उघडावा, हजेरीचा लहानसा तक्ता करावा, नाव देऊन जतन करावा, बंद करावा व पुन्हा शोधून उघडावा. उघडणे, करणे, ठेवणे व पुन्हा सापडणे या चार क्रिया जमल्या की अर्धी वाट सरली.

तिसरा टप्पा : नेणे-आणणे. तीच फाइल पेन ड्राइव्हवर घ्यावी. पेन ड्राइव्ह उपसण्यापूर्वी तो काढण्याची आज्ञा अवश्य द्यावी. कित्येकदा पडद्यावर नक्कल पूर्ण दिसते, पण लिहिण्याचे काम मागे चालूच असते. ज्या गावी वीज अवेळी जाते तेथे दर पाच मिनिटांनी जतन करण्याची सवय लावून घ्यावी.

चौथा टप्पा : कायम बसविणे. पहिले तीन टप्पे निदान आठवडाभर घोळविल्यावर व ध्वनी, जाळे आणि प्रिंटर चालतात अशी खात्री झाल्यावरच, जाणकार व्यक्तीच्या देखरेखीखाली प्रणाली डिस्कवर बसवावी.

मराठी लेखन : खरी कसोटी

प्रणाली बदलताना शिक्षकाला सर्वांत मोठा धक्का मराठी मजकुराचा बसतो. पूर्वी कष्टाने केलेल्या प्रश्नपत्रिका उघडाव्यात, तो पडद्यावर रोमन अक्षरांचा व चिन्हांचा कालवा! दोष लिनक्सचा नसतो. जुन्या पद्धतीच्या फॉन्टांत संगणकाच्या लेखी रोमन अक्षरांचीच नोंद होत असे. त्या नोंदीवर देवनागरीचे चित्र तेवढे चढविलेले असे. तो फॉन्ट नसला की चित्र गळून पडते व आतली नोंद उघडी पडते. युनिकोडमध्ये मात्र प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. त्यात लिहिलेला मजकूर विंडोज, लिनक्स व मोबाइल या तिन्हींवर मराठीच राहतो. जुन्या प्रश्नपत्रिका रूपांतरकाच्या साहाय्याने युनिकोडमध्ये आणून घ्याव्यात व नंतर त्या डोळ्यांखालून घालाव्यात, कारण रूपांतरात जोडाक्षरे व रफार बिघडण्याचा संभव असतो.

रोमन अक्षरांतून मराठी उमटविण्याच्या सोयी पुष्कळ आहेत, पण त्या प्रत्येक संगणकावर असतीलच असे नाही. इन्स्क्रिप्ट कीबोर्ड मात्र भारतीय मानक असून विंडोज व लिनक्स या दोहोंत तो उपलब्ध आहे. त्याची रचना वर्णमालेला धरून आहे. स्वर व मात्रा मुख्यतः डाव्या हाताखाली, व्यंजने मुख्यतः उजव्या. 'क'च्या कळेवर शिफ्टसह 'ख', 'ग'वर 'घ', 'त'वर 'थ', 'प'वर 'फ' : अल्पप्राण व महाप्राण यांच्या जोड्या एकेका घरात नांदतात. 'दौंड' लिहिण्यास द, औकार, अनुस्वार, ड अशा चार कळा पुरतात; 'शिरूर'ला श, ऱ्हस्व इकार, र, दीर्घ ऊकार, र अशा पाच. वेलांटी डोळ्यांना आधी दिसली तरी ती 'श'नंतरच द्यावयाची, म्हणजे जसे उच्चारावे तसेच लिहावे. 'क्ष'साठी क, हलन्त, ष असा क्रम लागतो. जोडाक्षराची फोड फळ्यावर करून दाखवितात, तीच येथे बोटांनी होते.

दौंड तालुक्यातील केडगावी पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यात स्त्रिया खिळे जुळविण्यास शिकल्या आणि रमाबाईंचे बायबलचे मराठी भाषांतर त्या छापखान्यातून १९२४ साली बाहेर पडले. खिळ्यांच्या पेटीत कोणते अक्षर कोणत्या घरात आहे, हे सरावानेच बोटांना कळत असे. कळफलकाचेही तसेच आहे. रोज वीस मिनिटांचा सराव पुरतो.

इतरत्रचा अनुभव

रायगड जिल्ह्यातील खैराट येथील लहानशा प्राथमिक शाळेत २००७ साली 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' या प्रकल्पातील एक्सओ संगणक मुलांच्या हाती आले. त्यांची स्मृती अवघी २५६ एमबी, आणि लिनक्सवर चालणारी 'शुगर' ही मांडणी सर्वस्वी निराळी. तेथे फोल्डरांऐवजी मुलांच्या कामाची रोजनिशी होती व एका वेळी एकच कृती संपूर्ण पडदा व्यापीत असे. तरीही उघडणे, करणे, ठेवणे व पुन्हा शोधणे या क्रिया तिथेही होत्याच. केरळ राज्याने २००१ मध्ये 'आयटी@स्कूल' हा प्रकल्प सुरू केला व पुढे आपल्या शाळांतून मुक्त आज्ञावलींचा मोठ्या प्रमाणावर अवलंब केला. म्हणजे शाळेत लिनक्स ही काही अपूर्व गोष्ट राहिलेली नाही.

वर्गात

प्रणाली पुरी अवगत झाल्यावरच मुलांना जवळ येऊ द्यावे, असा आग्रह शिक्षकाने धरू नये. चौथीच्या दोन मुलांना बरोबर घेऊन दुसरा टप्पा करावा. एखादी गोष्ट सापडली नाही तर 'आपण मिळून शोधू' असे म्हणावे आणि सापडल्यावर ती वहीत टिपून ठेवावी. जो शिक्षक मुलांसमक्ष शिकतो, तो त्यांना शिकावे कसे याचा पाठ देतो. असा पाठ क्रमिक पुस्तकातून देता येत नाही. कोणते बटण कोठे आहे हे मुलांकडून घोकून घेऊ नये. ती मोठी होईतो बटणे पुन्हा जागा बदलतील. 'हे काम येथे कसे करतात?' असा प्रश्न निर्भयपणे विचारण्याची व उत्तर धुंडाळण्याची सवय लागली, म्हणजे पुढे कोणतेही यंत्र समोर आले तरी ती बिचकणार नाहीत.

स्वाध्याय

१. शाळेच्या संगणकाची स्मृती व प्रोसेसरचा प्रकार पाहून नोंद करावी.

२. नेहमीच्या दहा कामांची यादी करावी व त्यांपैकी केवळ ब्राउझर आणि रायटर यांवर भागणारी किती, ते ठरवावे.

३. जुन्या फॉन्टातील एक प्रश्नपत्रिका युनिकोडमध्ये आणून तीतील चुका दुरुस्त कराव्यात.

४. आपल्या गावाचे नाव इन्स्क्रिप्टने लिहून लागणाऱ्या कळा मोजाव्यात. मग तेच काम मुलांकडून त्यांच्या स्वतःच्या नावाबाबत करवून घ्यावे.